एप्रिलची वही

दरवर्षी एप्रिलात, पारा त्रेचाळीसवर गेला की
दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी तीच शर्यत लावतो.
तोच घाट, तीच लाल गाडी, पाऊस बंद, सावल्या मध्यम,
तिसऱ्या वळणापासून बोगद्यापर्यंत.
मग वहीत लिहितो : तारीख, खोलीचं तापमान, फ्रेम.

वही अप्पांची.
पुढची चाळीस पानं त्यांच्या अक्षरात :
माग नंबर तीन, दिवसपाळी, इतके मीटर,
धोटा बदलला, वीज गेली सव्वादोनला.
मागून माझी.

दोन हजार तेरा : एकशे बेचाळीस.
तेव्हा अशोक चौकात असा प्रोसेसर दुसरा नव्हता.
पोरं बघायला यायची, चपला बाहेर काढून,
जणू आत कुणी समाधी लावून बसलंय.
मुबीन डब्याला कान लावून म्हणायचा,
"ह्याला दमच लागंना बे!"

सोळा : एकशे एकोणचाळीस.
सतरा : एकशे एकवीस.
वाटलं, म्हातारा झाला.
उघडलं तर पंख्यामागं
टॉवेलच्या सुताची बोटभर जाड गादी,
शेजारच्या कारखान्यातून रोज चिमूटभर आलेली.
ब्रशनं काढली. खडू झालेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
पुन्हा एकशे बेचाळीस.

गिऱ्हाइकांना हे पटत नाही.
"स्लो झालाय ओ," म्हणत डबा टेबलावर आदळतात.
स्लो नाही झाला.
पहिल्या दिवशी जेवढं मोजत होता तेवढंच आजही मोजतो.
मोजायला दिलेलं वाढलंय.
या घाटात रस्त्याकडेला सात माणसं उभी असतात,
त्यातली सहा एकाच चेहऱ्याची.
आताच्या खेळात अख्खा बाजार भरतो,
प्रत्येकाची चाल वेगळी, भांडण वेगळं,
कुत्र्यालासुद्धा दिनक्रम,
आणि याला हात चारच.

बावीस साली नवे खेळ लावून
दुसरा रकाना आखला : सर्वात वाईट एक टक्का.
सरासरी फसवते.
सरासरी अठ्ठावन्न, म्हणजे बरंच म्हणायचं.
पण बाजारात पळापळ झाली, एखादी भिंत कोसळली,
की चित्र एकोणिसावर थबकतं.
क्षणभरच.
अप्पा जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबतात, तेवढंच.
विचारलं तर म्हणतात,
"काही नाही रे, किल्ल्या बघत होतो."

मोठ्या पडद्यावर कळतही नाही.
तिथं सगळा भार ग्राफिक्स कार्डावर,
धापा तेच टाकतं,
आणि हा पंगतीत पाण्याचा जग धरून
उभ्या असलेल्या काकासारखा,
कामात असल्यागत.
खरं वय बघायचं तर पडदा लहान करावा लागतो.

परवा मुबीनचा भाचा आला, अदनान.
पिशवीत सेकंडहँड कार्ड, टॉवेलात गुंडाळलेलं.
"मामू बोलले, तुमच्याकडं तो हाय. अजून किती वर्षं चालंल?"
मी वही पुढं केली. त्यानं ती पुढूनच उघडली.
"माग नंबर तीन... हा कुठला प्रोसेसर?"

अप्पा शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले,
"मिनिटाला एकशे वीस ठोके. शेवटच्या दिवशीपण.
भंगारवाल्यानं विचारलंच नाही,
सरळ काट्यावर चढवला."

पोराला काय कळलं, देव जाणे.
मी किंमत सांगितली. मग पाचशे उतरवले.
नव्या खेळांचा तो दुसरा रकाना दाखवला,
बोट ठेवून, एकेक आकडा,
उद्या मामाला घेऊन भांडायला नको.
आणि म्हटलं, बस, ही शर्यत तू लाव या वर्षी.

बोगद्यापर्यंत तो गेलाच नाही.
दुसऱ्या वळणावर गाडी थांबवून
कडेच्या माणसांजवळ गेला,
"हे सगळे सेम का ओ?" विचारत बसला,
बराच वेळ.
पंखा संथ फिरत होता.
आकड्याची जागा मी कोरी सोडली,
तापमान तेवढं लिहिलं : चव्वेचाळीस.